जुन्या नागपूर जिल्ह्याचा समाज नकाशावर कसा मांडायचा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी. नागपुरात राहणारा माणूस ही नावं दिवसातून दहादा घेतो पण त्यातला वार त्याला ऐकू येत नाही. हे सगळे बाजाराचे वार आहेत. आणि असे वार फक्त शहरात नव्हते, अख्ख्या जिल्ह्यात पसरले होते, कुठल्या गावाचा बाजार सोमवारी, कुठला गुरुवारी, कोण बैलगाडी घेऊन कुठे जायचं, उमरेडच्या कोष्ट्यांचं कापड कुठल्या बाजारात बसायचं. ही माहिती कागदावर आहे, पण एक ओळ इथे, एक ओळ तिथे. ती एका नकाशावर आणली की जे दिसतं ते पुस्तक पन्नासदा वाचून दिसत नाही, हे मी स्वतः करून बघितलंय म्हणून सांगतो.

हे काम करायला इतिहासाची डिग्री लागत नाही, कॉम्प्युटरचीही नाही. साधा लॅपटॉप, इंटरनेट आणि चिकाटी एवढं पुरतं. मी जसं केलं तसं क्रमाने लिहितो, उदाहरण म्हणून आठवडी बाजाराचंच घेतो.

आधी प्रश्न ठरवा, सॉफ्टवेअर नंतर

"मला जुन्या नागपूर जिल्ह्याच्या समाजाचा अभ्यास करायचाय" हा प्रश्न नाही, ही इच्छा आहे. प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर एका नकाशात मावेल तो. उदाहरणार्थ, १९०८ च्या सुमाराला उमरेड तहसीलात आठवडी बाजार कुठे कुठे भरायचे आणि शेजारशेजारच्या गावांचे वार वेगळे होते का? किंवा मालगुजार ज्या गावाचा मालक तिथेच राहायचा की नागपुरात? किंवा कोष्ट्यांची वस्ती कुठल्या गावांत दाट होती आणि कापूस कुठे पिकायचा?

एक तहसील घ्या. पूर्ण जिल्हा घेऊन बसलात तर दुसऱ्या महिन्यात सोडून द्याल, मी असे तिघंचौघं बघितलेत. आणि तहसील शक्यतो आपल्या ओळखीची घ्या, जिथे आजोळ आहे, सासर आहे, जिथे जाऊन कोणाला तरी विचारता येईल. हे का महत्त्वाचं ते शेवटी येईलच.

कुठला जिल्हा, कुठल्या वर्षीचा

इथे नवखे लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून थोडं थांबून सांगतो. आज नागपूर जिल्ह्यात १४ तालुके आहेत. १९०१ च्या जनगणनेच्या वेळी तहसिली फक्त चार होत्या: नागपूर, रामटेक, उमरेड, काटोल. त्याआधी १८६२ मध्ये वर्धा जिल्हा नागपुरातूनच वेगळा काढला. त्याच्याही आधी १८५४ पर्यंत भोसल्यांचं राज्य, तिथे तर "जिल्हा" या शब्दाचा अर्थच वेगळा. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे १८७२ चा आकडा आणि १९६१ चा आकडा दोन्हीवर "नागपूर जिल्हा" लिहिलं असलं तरी खालची जमीन तंतोतंत तीच असेल असं धरू नका.

क्षेत्रफळातही फरक आहे. जुन्या इम्पिरियल गॅझेटिअरमध्ये (इंग्रज सरकारने छापलेला माहितीकोश) जिल्ह्याचं क्षेत्रफळ ३,८४० चौरस मैल दिलंय, म्हणजे साधारण ९,९४५ चौरस किलोमीटर. आजचं क्षेत्रफळ ९,८९२. फरक छोटा वाटतो, पण गावपातळीवर काम करताना पन्नासेक चौरस किलोमीटर म्हणजे कितीतरी गावं होतात.

म्हणून आजच्या तालुक्यांची शेपफाईल (हद्दींची कॉम्प्युटर फाईल) डाउनलोड करून तिच्यावर १९०१ चे आकडे रंगवू नका. बरेच जण हेच करतात, नकाशा दिसतो छान आणि असतो चुकीचा. जुनी तहसील उभी करायची तर गावांपासून वर चढायचं: कुठली गावं त्या तहसिलीत होती ती यादी करायची, त्या गावांच्या हद्दी जोडायच्या, आणि जी बाहेरची रेघ येईल ती तुमची तहसील. मौजाची, म्हणजे महसुली गावाची, हद्द बऱ्याच ठिकाणी बंदोबस्ताच्या (इंग्रजांनी जमीन मोजून सारा ठरवला त्या) काळापासून टिकून आहे, तालुक्याची टिकत नाही.

सामान कुठून आणायचं

सॉफ्टवेअर क्यूजीआयएस घ्या, फुकट आहे आणि कायदेशीर आहे. एलटीआर असं लिहिलेलं व्हर्जन टाका, त्यात कमी अडचणी येतात.

मजकुरासाठी पहिलं पुस्तक म्हणजे १९०८ चं नागपूर डिस्ट्रिक्ट गॅझेटिअर, आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेलं. त्याच्या शेवटी महत्त्वाच्या गावांची वर्णानुक्रमे माहिती आहे, लोकसंख्या, मालक कोण, बाजार कुठल्या वारी, शाळा आहे का, असं दोनचार ओळीत. त्याच्या मागे जायचं असेल तर चार्ल्स ग्रँट यांचं १८७० चं मध्य प्रांताचं गॅझेटिअर, आणि अजून मागे नागपूर दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी म्हणजे रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांचा १८२७ चा रिपोर्ट. ही सगळी जुनी पुस्तकं स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात. गावनिहाय जनगणना हवी असेल तर १९५१ पासूनची डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुकं बघा.

नकाशांसाठी टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने अमेरिकन लष्कराचे १:२,५०,००० स्केलचे भारताचे जुने शीट ऑनलाइन ठेवलेत, ते सुरुवातीला उत्तम. त्याहून बारीक काम करायचं तर एक इंच म्हणजे एक मैल वाला टोपोशीट (सर्व्हे खात्याचा बारीक नकाशा) शोधा. शीटचे नंबर पाठ करून ठेवा, खूप वेळ वाचतो: नागपूर शहर ५५ ओ/४ मध्ये येतं, रामटेक ५५ ओ/७, काटोल ५५ के/११, आणि उमरेडसाठी ५५ पी मध्ये जावं लागतं.

बंदोबस्ताचे कागद, मिसली (गावागावाच्या बंदोबस्ताच्या फायली), वाजिब-उल-अर्ज (गावाच्या रिवाजांची आणि हक्कांची नोंद), कोतवाल पंजी ही खरी खाण आहे. कोतवाल पंजीत गावातल्या जन्ममृत्यूची नोंद, बापाचं नाव, जात असं असतं आणि म्हणूनच जात पडताळणीसाठी लोक ती शोधत फिरतात. पण नवख्या माणसाने पहिल्याच प्रोजेक्टला तिथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी छापील साधनांवर हात बसवा.

स्कॅन केलेला नकाशा जागेवर बसवणं

याला जिओरेफरन्सिंग म्हणतात. जुन्या नकाशावरची एक जागा आणि आजच्या नकाशावरची तीच जागा अशा जोड्या लावायच्या, म्हणजे क्यूजीआयएस तो कागद ताणून बरोबर जागी बसवतं. लेयर मेन्यूत जिओरेफरन्सर आहे. मागे ओपनस्ट्रीटमॅप ठेवा, जुना स्कॅन उघडा, जोड्या लावायला घ्या. किमान तीन जोड्यांवर काम होतं पण मी दहाबारा तरी लावतो, आणि चारही कोपऱ्यांत पसरून लावतो, एकाच शहराभोवती गर्दी करून उपयोग नाही.

कुठल्या जागा घ्यायच्या ते महत्त्वाचं. टेकडीवरचा किल्ला, जुनं देऊळ, रेल्वेचा पूल, या जागा हलत नाहीत. रामटेकचा गड, सीताबर्डीचा किल्ला, कन्हानवरचा रेल्वे पूल हे माझे नेहमीचे. टोपोशीटवर टेकडीच्या माथ्यावर छोटा त्रिकोण आणि उंची दिसली तर तो सर्व्हेचा बिंदू, तो तर हमखास घ्या. नदीचा काठ आणि तलावाची कड घेऊ नका, कन्हानचं पात्र सरकतं आणि तलावाचं पाणी ज्या महिन्यात सर्व्हे झाला त्यावर असतं.

ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे कागद ताणायची पद्धत, पॉलिनोमियल १ ठेवा. खूप वाकडा, दुमडलेला कागद असेल तरच थिन प्लेट स्प्लाइन, कारण त्यात सगळे बिंदू जबरदस्तीने जागेवर बसतात आणि तुमची चूक लपून जाते. कोऑर्डिनेट सिस्टिम ईपीएसजी ३२६४४ द्या, म्हणजे यूटीएम झोन ४४ उत्तर, अख्खा नागपूर जिल्हा त्यात येतो आणि अंतर सरळ मीटरमध्ये मोजता येतं.

चूक किती चालेल? एक इंची नकाशाचं स्केल १:६३,३६०, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ६३ मीटर होतो. ३०० डीपीआयला स्कॅन केलं तर एक पिक्सेल साधारण साडेपाच मीटर. सरासरी चूक दहा पिक्सेलच्या आत असेल तर गावांच्या कामासाठी भरपूर झालं. एखाद्या बिंदूची चूक बाकीच्यांच्या चौपट दिसली तर तो काढायची घाई करू नका, आधी बघा ती जागा खरंच तीच आहे का.

गावांची यादी, म्हणजे खरं काम

माझा सत्तर टक्के वेळ इथे गेला. आणि जर या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: नकाशा यादीवर उभा असतो, यादी कच्ची असेल तर वरचे रंग कितीही चांगले द्या, सगळं खोटं.

एक स्प्रेडशीट उघडा. पहिल्या कॉलममध्ये पुस्तकात जसं छापलंय तसं नाव, एक अक्षर न बदलता. दुसऱ्यात आजचं मराठी नाव. तिसऱ्यात २०११ च्या जनगणनेचा गावाचा सहा आकडी कोड. चौथ्यात पान नंबर. पाचव्यात तुम्हाला किती खात्री आहे: पक्की, बरी, शंका. मग पुढे तुमची माहिती, बाजाराचा वार, लोकसंख्या वगैरे.

इंग्रजांनी नावं कानाला ऐकू आली तशी लिहिलीत. ड चा र झाला, म्हणून उमरेडचं उमरेर आणि मोवाडचं मोवार. सावनेरचं साओनेर, केळवदचं केलोद, कामठीचं कॅम्प्टी. चारपाच पानं वाचली की सवय होते आणि मग मोठ्याने वाचायचं, डोळ्याला जे कळत नाही ते कानाला कळतं.

दुसरी अडचण एकाच नावाची गावं. खापरी किती आहेत जिल्ह्यात मोजून बघा. पिंपळगाव, चिचोली, मोहगाव, तेच. मी पहिल्या प्रयत्नात एका गावाचा बाजार वीस किलोमीटर लांबच्या त्याच नावाच्या गावावर टाकला होता आणि त्यावरून "इथे दोन बाजार एकमेकांना खेटून, एकाच वारी" असा मोठा निष्कर्ष काढून बसलो होतो, तीन आठवडे. पुस्तकात "उमरेडपासून नऊ मैल" असं स्पष्ट लिहिलं होतं, मीच वाचलं नव्हतं. तेव्हापासून अंतर आणि दिशा दिली असेल तर तिच्यासाठी वेगळा कॉलम करतो आणि क्यूजीआयएसमध्ये तेवढ्या अंतराचा बफर, म्हणजे वर्तुळ, काढून गाव त्यात पडतं का ते बघतो.

तिसरी गोष्ट रिठी. आपल्याकडे नावापुढे "रिठी" असलेली गावं आहेत, म्हणजे मौजा कागदावर आहे, हद्द आहे, शेती आहे पण राहणारं कोणी नाही. यादी करताना लोक ही गावं "लोकसंख्या शून्य" म्हणून उडवून टाकतात. उडवू नका! गाव उजाड कधी झालं आणि का, दुष्काळात, साथीत, की पाणी आटल्यामुळे, हा समाजाच्या इतिहासातला फार मोठा प्रश्न आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ या भागाने सोसलेत. नुसती रिठी गावं वेगळ्या खुणेने नकाशावर टाकून बघा, पोटात कालवतं.

आणि चौथी, सरकलेली गावं. मोवाड ३० जुलै १९९१ च्या वर्धा नदीच्या पुरात उद्ध्वस्त झालं आणि नंतर गावाचं पुनर्वसन झालं. गोसीखुर्द धरणामुळे कुही आणि भिवापूर भागातली गावं उठली. पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाच्या पाण्याखाली गेलेला मुलूख आहेच. या गावांसाठी आजचा गुगलचा बिंदू घेतला तर १९०८ चं गाव चुकीच्या जागी बसतं, जुन्या टोपोशीटवरूनच बिंदू काढा.

जोडणी आणि रंग

हे वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. शीट सीएसव्ही म्हणून सेव्ह करा, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा नाहीतर देवनागरीचे चौकोन होतात. क्यूजीआयएसमध्ये गावांच्या लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये जॉइन्स आहे, तिथे गावाच्या कोडवर जोडा, नावावर कधीच नाही. कोड दोन्हीकडे एकाच प्रकारचा हवा, एकीकडे टेक्स्ट आणि दुसरीकडे नंबर असेल तर सगळं रिकामं येतं आणि माणूस रात्रभर डोकं धरून बसतो. सगळे लेयर एकाच जिओपॅकेज फाईलमध्ये ठेवा.

बाजाराच्या वारांना सात रंग द्या, प्रत्येक बिंदूभोवती आठ किलोमीटरचं वर्तुळ काढा, चालत जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढं. मग बघा वर्तुळं कुठे एकमेकांवर चढतात आणि तिथे वार वेगळे आहेत का. सहसा असतात, कारण तोच बांगडीवाला, तोच कापडवाला, तोच मिरचीवाला आठवडाभर फिरायचा. जिथे वार सारखे निघतात तिथे थांबा, एक तर यादीत चूक आहे किंवा मध्ये नदी आहे. माझ्याकडे एका ठिकाणी मध्ये नदीच निघाली, पावसाळ्यात दोन काठ म्हणजे दोन वेगळे मुलूख.

आकडे रंगवताना मात्र सांभाळा. १९०१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ७,५१,८४४, म्हणजे चौरस मैलाला साधारण १९६ माणसं. पण त्यातले १,२७,७३४ एकट्या नागपूर शहरात. शहर बाजूला काढलं की तोच आकडा १६३ च्या आसपास येतो. म्हणजे नागपूर तहसील गडद रंगात दिसली तर तो रंग खेड्यांचा नाही, इतवारी-महालचा आणि १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या कामगारांचा आहे. शहर नेहमी वेगळं दाखवा.

रेल्वेची रेघ आजच्या नकाशावरून उचलू नका. नागपूरला गाडी आली १८६७ मध्ये, वर्ध्याच्या बाजूने. नागभीडची छोटी लाईन १९०८ ची, म्हणजे उमरेडला रेल्वे येणं आणि गॅझेटिअर छापणं एकाच वर्षातलं. काटोल-नरखेडवरून जाणारी इटारसीची लाईन १९२० च्या दशकात पूर्ण झाली. प्रत्येक लाईनला सुरू झाल्याचं वर्ष टाका, मग टेम्पोरल कंट्रोलर लावून वर्षं पुढे सरकवली की रेल्वे कशी पसरली ते डोळ्यासमोर उलगडतं.

जातीचे नकाशे करण्याआधी

सगळ्यांना हेच करायचं असतं, आणि करायलाही हवं, आपला समाज त्याशिवाय समजणार नाही. पण १९०१ ते १९३१ च्या जनगणनेतले छापील जातीचे तक्ते मुख्यतः जिल्हापातळीचे आहेत, त्यावरून गावांचा नकाशा होत नाही, कोणी केला असेल तर त्याने आकडे कुठून आणले ते विचारा. दुसरं, तक्त्यातली नावं सरकारी बाबूने ठरवलेली आहेत आणि एका जनगणनेतला गट दुसऱ्यात फुटतो किंवा दुसऱ्यात मिसळतो. नकाशाखाली ते लिहा. आणि कोतवाल पंजीसारख्या कागदांवरून काम करत असाल तर कुटुंबाचं नाव आणि घराची जागा नकाशावर टाकू नका, त्यांची नातवंडं आज तिथेच राहतात.

छापा आणि गावात घेऊन जा

नकाशा तयार झाला की ए-३ कागदावर छापा, अक्षर मोठं ठेवा, गावांची नावं मराठीत. स्क्रीनवर म्हातारी माणसं बोलत नाहीत, कागद पसरला की बोलतात.

मी कुही तालुक्यात एका नातेवाइकांकडे असा कागद घेऊन गेलो. ओसरीत सतरंजीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर पितळेचे पेले ठेवले. आजी ऐंशीच्या पुढच्या, वाचता येत नाही. मी गावं वाचून दाखवत होतो आणि त्या बोट फिरवत होत्या, एका जागी बोट थांबलं. "बाजार इथं नोहता रे बाप्पा. नाल्याच्या त्या अंगानं होता, चिचेच्या झाडाखाली. रोड झाला तवा इकडं आला." मग माहेरचा बाजार, मग तिथे कोण काय विकायला यायचं, कोणाला कुठल्या बाजूला बसू द्यायचे आणि कोणाला लांब बसावं लागायचं, दीड तास त्या बोलत होत्या. ते लांब बसणं कुठल्याच गॅझेटिअरात नाही. मी पेन्सिलीने कागदावरच खुणा केल्या आणि घरी येऊन शीटमध्ये नवा कॉलम केला: सांगीव माहिती, कोणी, कधी, कुठे. नाव घालायचं तर त्यांना विचारून, नाहीतर नुसतं "कुही तालुका, वय ८०+".

छापील माहिती आणि सांगीव माहिती एकाच कॉलममध्ये घालू नका. दोन्ही वेगळ्या खुणांनी दाखवा, जिथे जुळत नाहीत तिथे दोन्ही ठेवा. आणि जायचं तर बाजाराच्याच दिवशी जा, दुपारी चारनंतर, उन्ह उतरल्यावर, तेव्हा विकणाऱ्यांनाही थोडी सवड असते आणि एकाला विचारलं की आजूबाजूचे चौघं येऊन कागदावर वाकतात. पेन्सिली दोन न्या.